शेवटचा डबा जाईपर्यंत

हवा बिघडली की मी कॅमेरा घेऊन बाहेर पडते. ढगाळ, भिजट दिवशी चरोद्याच्या रेल्वे लाइनीजवळच्या माळावर कुणी नसतं, त्यामुळे "क्या कर रही हो" असं कुणी विचारत नाही. डबक्यांचे, धूसर सिग्नलांचे, ओल्या खडीचे शेकडो फोटो माझ्याकडे आहेत. माणूस एकातही नाही.

पुण्याला नोकरीवर जायला दोन दिवस उरले, तेव्हा ध्यानात आलं की बाबांचा फोटो मी कधी काढलेलाच नाही. घरात आहेत ते पासपोर्ट साइजचे, अर्जांसाठी काढलेले. मला एक हवा होता, माझ्याकडे बघणारा. आम्ही दोघं फारसं बोलत नाही. गाव हिंदी मुलखातलं; शाळा इंग्रजी, बाहेर हिंदी, मराठी जेवणाच्या ताटापुरती. कसं विचारायचं, यातच सकाळ गेली.

डिसेंबरातली झिमझिम दोन दिवस थांबली नव्हती. शेवटी मी म्हटलं, माळ किती मोठा आहे ते कळायला फोटोत एक माणूस उभा हवाय. बाबांनी काही न विचारता मफलर बांधला. आई म्हणाली, "एवढ्या पाण्यात बापाले नेऊन राहिली, उन्हात काय झालं होतं?"

माळावर सायकलच्या हँडलला छत्री बांधून मी तिच्याखाली कॅमेरा धरला. बाबा लाइनीपासून थोडे अलीकडे, हात मांड्यांना चिकटवून, थेट माझ्याकडे बघत उभे राहिले. भिंगावर थेंब पडला. ओढणीनं पुसला तर पसरला. पुन्हा पुसला. बटणावर बोट ठेवलं आणि मालगाडीचा हॉर्न वाजला.

मला बरंच वाटलं. मागे गाडी आली तर फ्रेम भरेल. रेल्वेवाल्याची मुलगी असून मी विसरले.

बाबा वळले. रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणून त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. गाडी जाताना तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं, चाकातून धूर निघतोय का, खाली काही लोंबतंय का ते बघायचं, शेवटचा डबा जाईपर्यंत नजर हलवायची नाही. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी तेच. कोळशाच्या वॅगनी संपेनात. पाऊस वाढला. "बाबा, इकडे बघा," एवढंच म्हणायचं होतं. मी भिंग पुन्हा पुसत राहिले.

शेवटचा डबा आला, तसा बाबांनी रिकामा हात वर केला, सगळं ठीक आहे म्हणून. गार्डनं हिरवी झेंडी हलवली. मी तेव्हा बटण दाबलं.

ते परत वळले तोवर पावसात चेहरा दिसेनासा झाला होता.

"आलो का मी त्याच्यात?"

"आलात."

वाटेत ते एका वॅगनच्या ब्रेकबद्दल बोलत राहिले. मी हो हो करत सायकल ढकलत होते. पुन्हा येऊ या का, हे विचारायला अजून एक दिवस होता.

सकाळी लख्ख ऊन पडलं; माळावर आता माणसं असणार. मी बॅग भरायला घेतली.