चुका दाखवून मिळतील

कुमुद घरत आमच्या मनस्वीला ‘नीट’साठी जीवशास्त्र शिकवते. कोन गावची, मिठागरवाल्यांच्या घरातली. स्वतः तिने ही परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. आणि हे ती पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाकते. “येत होतं त्यात नाही, अंदाजाने ठोकलं त्यात बुडाले.” चुकीच्या उत्तराला मार्क कापतात ना. म्हणून तिचा नियम असा, की चारातले तीन पर्याय चूक का, ते आधी सांगायचं. नाही सांगता आलं तर उत्तर कोरं सोडायचं.

ती आधी रोडपालीच्या ज्या क्लासात शिकवायची, तिथे मनस्वीबरोबर कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरून दिपा यायची. दिपाने नियम अगदी मनापासून पाळला. सराव परीक्षेत तिचं एकही उत्तर चुकलं नाही, पण अर्धा पेपर कोरा. क्लासचे मालक परेश सर, त्यांनी नुसती बेरीज बघितली. पालकसभेत सगळ्यांसमोर म्हणाले, “फ्लेक्सवर फोटो लागतील अशीच मुलं सकाळच्या बॅचला बसतील. दिपा, तू उद्यापासून दुपारी.”

कुमुद उभी राहिली. “सर, तिचं कोरं आहे ते शिकवून भरता येतं. ठोकणाऱ्यांचं आधी खोडावं लागतं.”

“मॅडम, तुम्ही डॉक्टर झाला असतात तर ऐकलं असतं.”

“झाले असते तर इथे कशाला आले असते? मुलं कुठे पडतात ते मला माहितीय, मी तिथेच पडलेय. दिपा सकाळी नसेल तर मीही नाही.”

“दार उघडंच आहे.”

कुमुदने पर्स उचलली. “चल गं दिपा. उद्या सकाळी कोनला.”

घरी आमचे हे म्हणाले, “पोरीला डॉक्टर करायचीय की मोर्चात पाठवायचीय?”

“ती घरी कशी ठोकून उत्तरं देते, ते मी रोज बघते,” मी म्हटलं. “मनस्वी कोनला जाणार.”

कुमुदच्या वडिलांनी, दाजींनी, तळमजल्यावरची सिमेंटची पोती हलवून सतरंज्या घातल्या होत्या. फ्लेक्सवालाही बोलावलेला.

“फोटू कुनाचा लावू, कुमे?”

“कुनाचाच नाय, बाबा.”

“मंग लिवू काय?”

“लिवा, इथे चुका दाखवून मिळतील.”

दाजींनी तसंच लिहून घेतलं, तेही भलंमोठं.

पहिल्या सकाळी दिपा सगळ्यांच्या पुढे बसली होती. पहिला प्रश्न मनस्वीला आला. मनस्वी सवयीने म्हणाली, “मला वाटतं, बी...”

दिपाने मागे वळून बघितलं. “आदी तीन सांग.”