मागच्या खिशातली अंडी

सुलतानपूरच्या पुढच्या गिट्टीच्या रस्त्यावर अशाच रस्त्यांसाठी घेतलेल्या माझ्या ग्रॅव्हल सायकलचं चाक तिसऱ्यांदा आऊट होऊन डुगडुगायला लागलं. दोष अर्थातच चाकाचा होता. म्हणून मी टपरीवर चहा पीत मोबाइलवर महागडी चाकं बघत होतो. शेजारी एक अंडीवाला उभा होता. जुनी काळी सायकल, कॅरिअरवर सुतळीनं बांधलेले अंड्यांचे ट्रे.

मी विचारलं, "भाऊ, तुमची चाकं कोणती?"

"साधी लोखंडी. मांगं चाळीस तारा. रोज याच रस्त्यानं जातो."

"आऊट होत नाहीत?"

त्यानं ट्रेमधून दोन अंडी काढली आणि सरळ माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात घातली.

"त्या निंबाच्या झाडापोतर जाऊन या. फुटले तं नुकसान माहं."

खड्ड्यांना वळसे घालत, दगड दिसला की सीटवरून उठत, मी नवरदेवाच्या घोड्याच्या चालीनं जाऊन आलो. त्यानं अंडी काढून घेतली, उन्हात फिरवून पाहिली, परत ट्रेमध्ये ठेवली.

"आता कोणतंबी चाक घ्या, टिकते."

मी साधी, जास्त तारांची चाकं घेतली. तेव्हापासून निघताना खिशात एक अंडं ठेवतो. चाक अजून आऊट झालेलं नाही. जर्सी मात्र दोनदा धुवावी लागली.