ताईच्या पायाशी असलेला ब्रेक

माझी ताई लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटपुढे, ताईच्या पायाशी. त्या सीटवर ती कुणालाही बसू देत नाही. भावोजींना लायसन्स मिळून जमाना झाला, तरी ते चालवत असले की ही शेजारी ब्रेकवर पाय ठेवूनच बसते. माणूस चालवतो कसा यापेक्षा थांबतो कसा, हे बघावं, असं तिचं ठाम मत.

चाळिशी उलटली तरी मूल नव्हतं. शेवटी दोघांनी आयव्हीएफचं मनावर घेतलं आणि क्लिनिक निवडायला ताईने मला सोबत घेतलं, कारण भावोजी डॉक्टरांसमोर नुसती मान डोलावतात.

पहिल्या क्लिनिकच्या भिंतीभर गुटगुटीत बाळांचे फोटो होते. डॉक्टर म्हणाले, "काळजीच सोडा, मूल होणारच."

"आणि नाही झालं तर? थांबा असं कधी सांगाल?" ताईने विचारलं.

"असा निगेटिव्ह विचार करायचाच नाही," ते हसून म्हणाले. ताईने पर्स उचलली. जिन्यात मला म्हणाली, "याला ब्रेकच नाही गं."

दुसऱ्या ठिकाणी आमचं नाव विचारायच्या आधी पॅकेजचा कागद हातात आला. तिथे आम्ही पाणीसुद्धा प्यायलो नाही.

तिसरं क्लिनिक एका बेकरीच्या वर होतं. खुर्च्या डुगडुगत होत्या. डॉक्टरबाईंनी सगळे रिपोर्ट वाचले आणि चष्मा काढून म्हणाल्या, "तुमच्या स्वतःच्या स्त्रीबीजाने आशा फार कमी आहे. दुसऱ्या कुणाचं घेतलं तर बरी आहे. पण तेही दोनदा फसलं, तर मीच तुम्हाला थांबा म्हणेन."

ताई गाडीत बसून पोटभर रडली. मग नाक पुसून म्हणाली, "हीच."

"बीज मी देते," मी तिथेच बोलून बसले. मी तिच्याहून बरीच लहान, आणि माझी जीभ कायम डोक्याच्या पुढे धावते. ताईने मला घट्ट जवळ घेतलं. पण नंतर एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "पोटात मी वाढवीन. पण उद्या कुणी म्हणालं, आई तू नाहीस, तर?"

डॉक्टरबाईंनीच आम्हाला एका वकीलबाईंकडे धाडलं. त्यांनी सरळ सांगितलं. आपल्या कायद्याने जी जन्म देते ती आई. नवऱ्याने उपचाराआधी लेखी संमती दिली की तो बाप. बीज देणारीचा मुलावर काही हक्क नाही आणि तिच्यावर जबाबदारीही नाही. ऐकता ऐकता ताईचे ताठलेले खांदे खाली आले. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि त्याच वेळी आत काहीतरी तुटलं, तेही खरं.

"म्हणजे माझ्या बाजूला ब्रेक नाही," संमतीपत्रावर सही करताना मी म्हटलं. भावोजी हसले. ताई हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

पहिल्या खेपेला फसलं. दुसऱ्या खेपेला ताईला दिवस गेले आणि यथावकाश मुलगी झाली, थेट माझी हनुवटी घेऊन. नर्स म्हणाली, "मावशीवर गेलीय." मी ताईकडे बघायचं टाळलं.

"जाऊ दे की," ताई म्हणाली. "हट्टीपणा तेवढा घेतला नाही म्हणजे मिळवली."

घरी न्यायच्या दिवशी भावोजी स्टिअरिंगला बसले. ताई बाळाला घेऊन मागे बसली. मीही मागचं दार उघडलं.

"तू पुढे बस," ताई म्हणाली.

"तुझ्या सीटवर?"

"मी आता हिला सोडून पुढे बघणार आहे का? ब्रेकवर पाय ठेव. काही वाटलं तर दाब, मला विचारत बसू नकोस."

भावोजींनी गाडी इतकी सावकाश नेली, की सायकलवाले आमच्या पुढे निघून जात होते. तरी घर येईपर्यंत मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.