श्रावणाचं बटण

"थुंक! सगळं थुंक!" मी क्लिनिकच्या दारातूनच ओरडले. भरमाच्या तोंडात घास होता.

"का ओ आज्जी? भाजी भारी झालीया की!"

"ओठ बघ तुझे, केवढे सुजलेत!"

डबा आमचाच होता. इथे गोव्यात, पेडण्यात आम्ही बायका मिळून पेशंटांसाठी जेवण करतो. भरमा बेळगावकडचा, बांधकामावर पडून पाय मोडलेला. सुंगटं, म्हणजे कोळंबी, पोटात गेली की त्याचा घसा सुजतो. म्हणून त्याने भाजी मागवली होती. पण आमच्याकडे तांबड्या भाजीत सुकी सुंगटं घालतात. हे बेळगावच्या माणसाला कोण सांगणार?

नर्स धावली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ऑक्सिजन लावला. मला म्हणाले, "बाहेर थांबा." मी थांबले नाही. भिंतीला टेकून त्याची छाती वरखाली होताना बघत राहिले. ज्याच्या मोटरसायकलवर बसून मी आले होते, तो पायलट, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाला, बाबलो दारातून विचारत होता, "आजये, मनीस बरो आसा मगे?"

"गप रे! श्वास मोजू दे."

हे आम्हाला कळलं कसं? जेवणाच्या ऑर्डरी वेबसाइटवर येतात. ती माझ्या बहिणीच्या मुलीने, वैशालीने केली. ज्याला मासळी बाधते, त्या पेशंटच्या नावापुढे लाल खूण येते, मग त्याची भाजी वेगळी शिजते. डबे गेल्यावर वैशाली किंचाळली, "मावशी, भरमाची लाल खूण गेली कुठे?" क्लिनिकचा फोन कोणी उचलेना. मी बाबलोला हाक मारली.

भरमाचा श्वास मोकळा झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात परतले.

"सांग, काय झालं?"

"सेटिंगमध्ये माझी चूक झाली," वैशाली म्हणाली. सेटिंग म्हणजे साइटने कसं वागायचं ते ठरवणारी बटणं. श्रावणात आम्ही नुस्तं, म्हणजे मासळी, शिजवत नाही, सुकंसुद्धा नाही. तेव्हा तिने मासळीचं बटण बंद केलं आणि आता काय गरज म्हणून लाल खुणेचंही. चतुर्थी झाल्यावर मासळी सुरू केली. खुणेचं बटण दुसऱ्याच पानावर होतं, ते तसंच राहिलं.

"दुसऱ्या पानावर कशाला ठेवलंस गो?"

"घाईत जिथे सुचलं तिथे ठेवलं. अशी बरीच आहेत."

"मग ऊठ, गोळा कर सगळी!"

तिने सगळी बटणं एका पानावर आणली. प्रत्येकासमोर ते काय करतं ते मराठीत लिहिलं. श्रावणाला एकच बटण दिलं. खुणेचं बटण काढूनच टाकलं. खूण आता कोणालाच बंद करता येत नाही.

"दाब!" मी म्हटलं. स्वयंपाकघरातल्या फोनवरून मासळी गेली, लाल खूण राहिली. "परत दाब!" मासळी आली, खूण जागच्या जागी. आम्ही सगळ्याजणी पोरींसारख्या ओरडलो. चुलीवरचा भात लागला, तरी कोणी हललं नाही.

जी दोन बटणं एकमेकांवर अवलंबून आहेत, ती दोन ठिकाणी ठेवू नयेत. बाकी मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.

भरमा जगला. आता काठीशिवाय चालतो.