बर्फ पडायच्या आत

कॅल्गरीतल्या आमच्या मराठी मंडळींत उत्कर्षा बोकारे शिकारीला जाते हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ती स्वतःहून सांगत नाही. गणपतीच्या जेवणात कुणी विचारलं की वीकेंडला काय करता, तर ती ‘हायकिंग’ म्हणते आणि वाढायला उठते. नागपूरला आईलाही तिने तेच सांगून ठेवलंय. मला कळलं ते तिच्या नवऱ्याकडून, संजयकडून. त्यानंतर एकदा, आमच्याकडे जेवून झाल्यावर, तिने त्या ऑक्टोबरातल्या दिवसाबद्दल सगळं सांगितलं.

उत्कर्षा मेकॅनिकल इंजिनिअर. पाइपलाइनवर कुठे किती ताण येईल, कुठे धातू थकेल, याचं गणित करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. दिवसभर समोर स्क्रीन. संध्याकाळी काहीतरी हाताने करावं म्हणून ती जवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये तिरंदाजी शिकायला लागली. तिथे मायरॉन भेटला. तो निवृत्त सुतार, पंचाहत्तरीच्या पुढचा. त्याच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून अॅश झाडाचे ओंडके वाळत ठेवलेले असत, आणि त्यातून तो जुन्या पद्धतीची, एकसंध लाकडाची धनुष्यं करायचा. उत्कर्षा एका शनिवारी ती बघायला गेली, आणि मग दर शनिवारी जातच राहिली.

लाकूड तासायचं, वाकवून बघायचं, जिथे वाकत नाही तिथे पुन्हा थोडं तासायचं. तिचं पहिलं धनुष्य मोडलं. दुसरं पिळवटलं. तिसरं जमलं. बाणांसाठी सॅस्काटून बेरीच्या झुडपाच्या सरळ काठ्या हिवाळ्यात कापून आणायच्या, जुडी बांधून बेसमेंटमध्ये वाळवायच्या आणि शेगडीवर शेकत शेकत सरळ करायच्या. तळ्याकाठी पडलेली गूजची, म्हणजे रानहंसांची, पिसं ती गोळा करायची आणि चिरून, दोऱ्याने बांधून बाणाला बसवायची. पोलादी पाती मात्र विकतची, वस्तऱ्यासारखी धारदार. पात्याच्या बाबतीत हौस करायची नाही, असं मायरॉन म्हणायचा. पातं बोथट असेल तर ते जनावराला भोगावं लागतं.

शिकारीचा विचार तिच्या मनात कधी शिरला ते तिलाही नीट सांगता येत नाही. तिने कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. घरी मुलगी केया तेव्हा दहावीत होती. तिने मांस खाणं सोडलं आणि आईशी बोलणं जवळजवळ बंद केलं. उत्कर्षा म्हणाली, अगं, आपण ग्रोसरीतून चिकन आणतोच ना. “दॅट्स डिफरंट, आई,” केया म्हणाली. वेगळं होतंच ते.

पहिला हंगाम नुसता बसण्यात गेला. हरणं दिसायची ती लांबून, आणि मायरॉनने बजावलं होतं की वीस पावलांच्या पलीकडे बाण सोडायचा नाही. दुसऱ्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यामुळे ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी ती एकटीच निघाली. शहराच्या नैर्ऋत्येला, डोंगरांच्या पायथ्याशी, मायरॉनच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने तिला आपल्या जमिनीवर यायची परवानगी दिली होती. रेडिओवर दुपारनंतर बर्फ सांगितलं होतं. गाडीला अजून विंटर टायर बसवले नव्हते, म्हणून संजय कुरकुरला. दुपारच्या आत परतते, असं सांगून ती गेली.

पॉप्लरच्या झाडांत, पडलेल्या एका खोडामागे ती बसली. उजाडून बराच वेळ झाला आणि एक हरिणी आली. एकटी, सावकाश, चरत. तिची कूस पूर्ण उत्कर्षाकडे होती. उत्कर्षाने दोरी ओढली, खांद्यामागची, काळजाची जागा धरली आणि सोडली.

त्याच क्षणी हरिणीने एक पाऊल पुढे टाकलं.

आवाज ओला, बोदा आला. हरिणी पाठ कमानीसारखी वर काढून दचकली, थोडं धावली, थांबली, आणि मान खाली घालून झाडांत दिसेनाशी झाली. उत्कर्षा खोडामागे तशीच बसून राहिली. आपण काय केलंय हे तिला त्या आवाजावरूनच कळलं होतं, पण खात्री करायची भीती वाटत होती. थोड्या वेळाने ती उठून त्या जागेपाशी गेली. बाणाचा मागचा तुकडा गवतात पडला होता. पिसांवर रक्त होतं, काळपट, आणि त्यात हिरवट चोथा. वासही आला.

तिने मायरॉनला फोन लावला. सिग्नल तुटत होता. तिला वाटलं तो रागावेल. तो रागावला नाही, त्याने फक्त रक्ताचा रंग आणि वास विचारला.

“पोटात लागलाय,” तो म्हणाला. “आता मागे जाऊ नकोस. गेलीस तर ती उठेल आणि मैलोन्‌मैल पळेल. कुठेतरी मरेल आणि तुला कधी सापडणार नाही. तिला बसू दे. दुपारपर्यंत थांब.”

तिने बर्फाचं सांगितलं. दुपारी बर्फ पडलं की रक्ताचा माग झाकला जाणार. तेही खरं आहे, मायरॉन म्हणाला. एवढ्यात फोन तुटला, आणि ठरवायचं ते तिच्यावरच राहिलं.

ती थांबली. सकाळभर त्या खोडाला पाठ टेकून बसली. डबा उघडला आणि तसाच बंद केला. आभाळ डोंगरांच्या बाजूने खाली उतरत होतं. मधेच लांबून कायोटींची कुई ऐकू आली. कोल्ह्यांसारखे हे प्राणी, रक्ताचा वास धरला की थांबणार नाहीत, जिवंत-मेलं बघणार नाहीत. ती उठली, चार पावलं गेली, परत येऊन बसली. ऑफिसमध्ये एखादं गणित चुकलं तर ते पुन्हा तपासता येतं, दुसरं कुणी तपासतं, मगच पाइप जमिनीत जातो. इथे चूक सुटून गेली होती आणि पलीकडे कुठेतरी पोटात पातं घेऊन बसली होती. तिला केयाचा चेहरा आठवत होता. मधेमधे सिग्नल येई तेव्हा संजयचे मेसेज येत होते, निघालीस का म्हणून. तिने उत्तर दिलं नाही.

वाऱ्याची दिशा बदलली आणि गारठा वाढला तेव्हा ती उठली. बर्फ अजून सुरू झालं नव्हतं. रक्त थेंबाथेंबाने होतं, कुठे पानावर, कुठे गवताच्या काडीवर. ती वाकून, प्रत्येक थेंबापाशी फांदी खोवत पुढे सरकली. एका जागी गवत दबलेलं होतं. हरिणी तिथे बसली होती आणि पुन्हा उठून गेली होती. पुढे माग उतारावरून गेला आणि काटेरी तारेच्या कुंपणापाशी थांबला. तारेवर हरिणीच्या पोटाखालचे पांढरे केस अडकले होते. पलीकडे जमीन दुसऱ्याची. खांबाला पाटी: शिकारीला बंदी, आत पाऊल टाकू नये.

तार ओलांडली असती तर कुणालाही दिसलं नसतं. पण परवानगीवाचून पाऊल टाकणं गुन्हा, आणि सापडली असती तर लायसन्स गेलं असतं. आणि समजा कुणी बंदूक घेऊन समोर आलं असतं तर? तिने धनुष्य तिथेच कुंपणाला टेकवलं, गाडीपर्यंत जवळजवळ धावत आली आणि फेरा घालून त्या जमिनीच्या मालकाचं घर शोधलं.

दार एका उंच, पिकल्या केसांच्या बाईने उघडलं. नाव बेव्हर्ली, ते उत्कर्षाला नंतर कळलं. उत्कर्षाच्या बाहीवर रक्त, गुडघ्यांवर चिखल, आणि तोंडातून इंग्रजी धड निघेना. बेव्हर्लीने शिकार हा शब्द ऐकला आणि विचारलं, पाटी वाचता येत नाही का. आदल्या वर्षी कुणा शिकाऱ्याच्या गोळीने तिची घोडी मेली होती. तिच्या जमिनीवर कुणी शिकारी येणार नव्हता.

उत्कर्षाने वाद घातला नाही. “माझा नेम चुकला,” ती म्हणाली. “ती पोटात जखमी आहे. तुमच्या जमिनीवर आहे. मला हरीण नको, तुम्ही ठेवा. मला फक्त तिला तसं सोडून जायचं नाहीये.”

बेव्हर्लीने तिच्याकडे बघितलं आणि मग तिच्या डोक्यावरून आभाळाकडे बघितलं. खुंटीवरचं जाकीट काढत म्हणाली, “चल. मी बरोबर येते. एकटीला सोडणार नाही.”

त्या दोघी कुंपणापाशी पोचल्या, उत्कर्षाने धनुष्य उचलून खांद्याला अडकवलं आणि बर्फाची पहिली भुरभुर सुरू झाली. गवत पांढरं होऊ लागलं. थोडा वेळ रक्ताचे थेंब बर्फावर उलट जास्तच उठून दिसले, मग तेही झाकले गेले. उत्कर्षा हाताने बर्फ बाजूला सारत गुडघ्यांवर रांगत होती. बोटं बधिर झाली होती. एका ओघळीशी माग संपला. ती या बाजूला गेली, त्या बाजूला गेली. काहीच नाही. सकाळीच निघायला हवं होतं, थांबण्यातच चूक झाली, असं ती मराठीत पुटपुटत होती. बेव्हर्ली मागे उभी राहून म्हणाली की पोटात दुखत असलेलं जनावर चढ चढत नाही, ते पाणी शोधतं. खाली ओढा होता.

खाली उतरताना मॅगपायांचा कलकलाट ऐकू आला. लांब शेपटीचे हे काळेपांढरे पक्षी म्हणजे इथले कावळेच. ते विलोच्या झुडपावर चार-पाच जमून खाली बघत ओरडत होते. बेव्हर्लीने तिचा दंड धरला आणि बोटाने दाखवलं.

हरिणी झुडपाखाली बसली होती. जिवंत. मान वर होती, पण डोलत होती. पाठीवर बर्फ साचलं होतं आणि ते झटकायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

बेव्हर्ली तिथेच थांबली. पुढे उत्कर्षाला एकटीने जायचं होतं. तिने बाण काढला. पिसं ओली होऊन चिकटली होती, आणि ओल्या पिसांचा बाण भरकटतो. दुसरा काढला, तोही तसाच. म्हणजे अगदी जवळ जायला हवं होतं. ती एकेक पाऊल टाकत गेली. हरिणीने तिला बघितलं. उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय टेकले, आणि पुन्हा बसली. उत्कर्षा घाबरलेलीच होती. आता चुकलं तर, एवढा एकच विचार डोक्यात होता. खांद्यामागची जागा बघितली, दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि सोडली.

या वेळी बाण योग्य जागी गेला. हरिणीची मान सावकाश खाली आली.

उत्कर्षा बर्फात बसली. रडू आलं नाही. तिने हरिणीच्या मानेवर हात ठेवला, ती अजून गरम होती. मागून बेव्हर्ली येऊन उभी राहिली. ती म्हणाली, “काम बाकी आहे. अंधार पडेल.”

पोट फाडताना जो वास आला त्याचं वर्णन ती करत नाही. पोटाजवळचं मांस वाया गेलं होतं. खांदे आणि मागच्या मांड्या वाचल्या. बेव्हर्लीने पाय धरले, आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सगळं रस्त्यापर्यंत आणलं, आणि कॉफी दिली. पाटी मात्र तिथेच राहणार, हेही सांगितलं.

फोनला सिग्नल मिळाला तेव्हा संजयचे कितीतरी मिस्ड कॉल होते. रस्ता निसरडा झाला होता, टायर उन्हाळ्याचे. तू गाडी चालवू नकोस, मी येतो, तो म्हणाला. तो आला तो मित्राचा पिकअप ट्रक घेऊन, आणि शेजारी केया बसलेली. संजय दिवसभर भीतीने अर्धा झाला होता. तो थर्मासमधलं गरम पाणी तिच्या हातांवर ओतत राहिला. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून केयाने विचारलं, “डिड इट सफर, आई?”

“हो,” उत्कर्षा म्हणाली. “सकाळपासून. माझ्यामुळे.”

घरी पोचल्यावर केया आपल्या खोलीत निघून गेली नाही. बेसमेंटमध्ये टेबलावर प्लॅस्टिक अंथरून संजय आणि उत्कर्षा मांस कापत होती, तेव्हा ती येऊन पायरीवर बसून राहिली. मग उठून पिशव्यांवर तारीख घालायला लागली. इथल्या हरणांत मेंदूचा एक रोग असतो, त्याच्या तपासणीला हरिणीचं डोकं पाठवलं आणि निकाल येईपर्यंत ते मांस कुणी खाल्लं नाही. निकाल चांगला आला. संजयने रस्सा केला. केयाने खाल्लं नाही, आणि तिला कुणी आग्रहही केला नाही. आई-मुलीचं बोलणं मात्र पुन्हा सुरू झालं. बहुतेक वेळा ते भांडणच असतं, संजय सांगतो.

उत्कर्षाने तो पूर्ण हिवाळा धनुष्याला हात लावला नाही. झोपेत तिला तो बोदा आवाज ऐकू यायचा. वसंतात ती पुन्हा तिरंदाजीच्या रेंजवर गेली, आणि आधीपेक्षा जास्त जाऊ लागली. सोडून दे म्हणणारे होते, संजयही त्यांत होता. तिने विचार केला आणि नाही सोडलं. सोडून दिलं तर फक्त आपल्याला बरं वाटेल, त्या हरिणीचं काही भरून येणार नाही, असं ती म्हणाली. मला ते पूर्ण पटलेलं नाही.

पुढच्या ऑक्टोबरात ती गेली, त्याच शेतकऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्या एका झाडामागे. एका संध्याकाळी वीस पावलांच्या आत एक नर आला, भरलेला, देखणा. त्याच्या खांद्यापुढे गवताची चार पाती वाऱ्याने हलत होती, आणि बाण भरकटायला तेवढीही पुरतात. तिने दोरी ओढली, धरून ठेवली, दंड भरून आला, आणि मग तिने ती सावकाश सैल केली. नर चरत चरत निघून गेला.

घरी आल्यावर संजयने विचारलं, काही दिसलं का.

“आला होता,” ती म्हणाली. “मला खात्री नव्हती.”