एक्स्चेंजच्या खिडकीवरचं पाणी

शालिग्राम मूळचा देऊळघाटचा. घरी वांगी-मिरच्यांचा मळा, पण पोराचं सगळं लक्ष तारांत. टेलिफोन खात्यात मेकॅनिक म्हणून लागला आणि साखरखेर्ड्याकडच्या एका बाजाराच्या गावी जाऊन पडला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली असतील. गावात नुकतंच आपोआप जोडणारं एक्स्चेंज बसलं होतं. शालिग्राम सकाळी उठला की तोंड धुण्याआधी तिकडे डोकावून यायचा. बायको विमलबाई चेष्टेनं विचारायची, "काय म्हनते माही सवत?"

सवत पहिली दोन वर्षं गुणाची निघाली. मग कापसाच्या आणि मिरचीच्या व्यापाऱ्यांत चढाओढ लागली. याच्याकडे फोन, मग मले काऊन नाही? खात्यानं मशीनचं दुसरं कपाट पाठवलं, आणि जागा? जागा तीच! पत्र्याच्या छपराची एक खोली. दोन्ही कपाटं पाठीला पाठ लावून अशी कोंबली की मधून हात जाईना. आत शेकडो रिले, म्हणजे नंबर जुळवणारे बोटभर खटके, दिवसभर टकटक करणार आणि तापणार. वरून मे महिन्याचं ऊन. जिनिंग कारखान्याला फोन लावला की कापडवाला उचलायचा, आणि शिव्या शालिग्रामला.

त्यानं वरच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "लाइन बंद पडता कामा नये. गारव्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा." घ्या! म्हणजे उद्या काही झालं तर मान याचीच.

ठरवायचं तरी काय? खिडक्या उघडून पंखे लावावेत तर समोर मिरचीबाजार. ती सगळी धूळ खटक्यांत जाऊन बसणार. वाळ्याचा पडदा लावून पाणी मारावं तर हवा गार होईल, पण दमट. आणि दमट हवेनं पितळ गंजतं. काहीच करू नये तर मशीन भाजून निघतंय. शालिग्रामचं जेवणावरचं मन उडालं. शेवटी त्यानं ठरवलं, पडदा लावायचा, पण एकाच खिडकीला, आणि दुपारी फक्त अर्धी बादली पाणी.

पडदा विणला शेजारच्या कादरनं. कादरचं घर एक्स्चेंजच्या भिंतीला भिंत लावून. टोपल्या, सुपं, वाळ्याचे पडदे, सगळं त्याच्या हातचं देखणं. पडदा लागला आणि दोन्ही कपाटं अशी शहाण्यासारखी वागू लागली की शालिग्रामला हसूच फुटलं. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

पण त्या गावची एक रीत होती. उन्हाळ्यात पाणी देणं हिंदूंच्या घरी पुण्याचं आणि मुसलमानांच्या घरी सवाबाचं. वाटेवर वाळा दिसला, की जाणारा येणारा त्यावर तांब्याभर पाणी मारणारच. आडावरून येणाऱ्या बाया मारायच्या, पानवाला मारायचा, कादर तर कळशीच रिकामी करायचा. शालिग्राम एकदा म्हणाला, "भाऊ, अर्धीच बादली बरं का!" कादर हसला. "शालिग्रामभाऊ, पान्याले कायले नाई म्हनता? मशीन बी जीवच हाये." मशीन नीट चाललं होतं, माणसं मायेनं करत होती. शालिग्रामनं तोंड आवरलं. तिथंच चुकलं बापा त्याचं!

कादरची मुलगी जहांआरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका दुपारी तिचं पोट दुखायला लागलं, आणि घटकाभरात सुईणीनं हात टेकले. "मोठ्या दवाखान्याची गाडी बोलवा, लवकर!" दुपारची एसटी निघून गेली होती. कादर धावत एक्स्चेंजच्या दारात आला.

शालिग्रामनं फोन उचलला. मुकाच! दुसरा उचलला, तोही तसाच. त्यानं कपाटाचं झाकण काढलं. खटक्यांच्या पट्ट्यांवर हिरवा गंज धरला होता. बाहेर कादर "लागला का? लागला का?" म्हणून विचारत होता आणि हा स्पिरिटच्या बोळ्यानं एकेक पट्टी पुसत होता. एक पुसली की पुढची अडायची. लाइन लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. जीप आली, जहांआरा वाचली. बाळ नाही वाचलं.

दफन करून परतल्यावर कादरनं विचारलं, "भाऊ, काय झालतं मशिनीले?"

शालिग्राम आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. पण त्या माणसाचा चेहरा पाहून त्याच्या तोंडून निघालं, "धूळ गेली होती, कादरभाई."

त्यानं पडदा काढून टाकला, पंखे लावले, आणि रोज ब्रशनं धूळ झाडत बसू लागला. गावानं विचारलं तर म्हणायचा, वरून हुकूम आला. विमलबाईलाही खरं सांगितलं नाही. घास गिळवत नव्हता.

आठवडाभरानं पाहतो तर कादर खिडकीशी उभा. नवा पडदा लावलेला, पहिल्याहून दुप्पट जाड, आणि हातात भरलेली बादली. "धुळीनं घात केला नं? आता कन नाई जानार आत. दुसऱ्या कोनाच्या लेकीवर तरी अशी वेळ नको." आणि त्यानं बादली उचलली.

शालिग्राम धावला. त्यानं बादलीचा कान धरला. "नका टाकू, कादरभाई. धूळ नव्हती. पानीच होतं. पडदा लावाचं मीच ठरवलं, अन् लोकायले अडवलं नाई तेबी मीच. तुमचा काई दोष नाई."

कादरनं बादली खाली ठेवली, आपल्या घराच्या दाराकडे पाहिलं आणि शालिग्रामजवळ येऊन हळूच म्हणाला,

"जहांआराले नका सांगू. सकाळचं पानी थेच टाकत होती."