काठाखालची पाच टिंबं

सेलूच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर, पायरीच्या डाव्या अंगाला, गोणपाट अंथरलेलं असतं. त्यावर व्यंकटराव बसतात. वय बहात्तर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, समोर लाकडी ठोकळा, छोटी हातोडी, चार छिन्न्या आणि विजेवर चालणारं नाव घालायचं मशीन. दुकानातून भांडं घेतलं की लोक ते बाहेर आणतात आणि व्यंकटराव त्यावर नाव घालून देतात. कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त, कधी. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं आणि पन्नास वर्षांत एकाही गिऱ्हाइकावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला नाही.

कुणी म्हणालं, ‘मामाकडून’ असं घाला, तर हे विचारणार, "सख्खा का चुलत?" मयताच्या स्मरणार्थ तांब्ये वाटायचे असले की गेल्याची तारीख दोनदा वदवून घेणार, मधे चहाबिहाचं बोलून तिसऱ्यांदा. गिऱ्हाईक अडखळलं की छिन्नी खाली. एकदा तर एका नवरदेवाला त्यांनी स्वतःच्या लग्नाची पत्रिका आणायला घरी पिटाळलं होतं. त्यानं ती आणली, बिचाऱ्यानं. दुकानाचे मालक अनंतराव गल्ल्यावरून हे सगळं बघतात आणि म्हणतात, "व्यंकटराव, तुमी पोलिसात पायजे होते."

अनंतरावांचं आणखी एक वाक्य आहे, ते ठेवणीतलं. व्यंकटराव काही झाकताहेत असं वाटलं की ते हसत हसत म्हणतात, "बापावर गेलाव." त्यावर व्यंकटराव नुसती छिन्नी पुसतात. हे वाक्य त्यांना कुठं लागतं ते अनंतरावांना चांगलं ठाऊक आहे.

ते समजायला मांडवगिरीच्या सरकारांची गोष्ट सांगावी लागेल. निजामाच्या अमलात पूर्णेच्या पलीकडं मांडवगिरी नावाचं चिमूटभर संस्थान होतं. गढी, दोन घोडे आणि भरपूर रुबाब. शेवटचे राजे आबासाहेब सरकार. त्यांना राणीपासून मूल झालं नाही, म्हणून दत्तक घेतला. पण लोक म्हणायचे, सरकारांनी येलदरीकडच्या एका मुलीशी गुपचूप दुसरं लग्न केलं होतं, तिला मूल होतं, आणि ते मूल इथंच कुठंतरी आपल्यातच वावरतंय. या एका वावडीवर जिल्ह्यातली निम्मी नाकं राजघराण्याची ठरली. जरा धारदार नाक दिसलं की लोक डोळा मारायचे.

आता दत्तक घराण्यानं गढी रंगवून तिथं सरकारांच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं काढलं, तसे खरे वारस पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले. त्यातले तिघे व्यंकटरावांकडे आले. जुन्या भांड्यावर सरकारांचं नाव आणि जुनी तारीख घालून द्या, बोला काय घ्याल. तिसऱ्यानं तर स्टीलची थाळी आणली होती, कंपनीच्या छापासकट. व्यंकटरावांनी ती थाळी रस्त्यावर इतक्या जोरात भिरकावली की समोरच्या पानवाल्यानं दुकान सोडून पळ काढला.

एवढा राग यायला कारण होतं. त्यांचे वडील बजरंगअप्पा याच गोणपाटावर बसायचे. तेव्हा मशीन नव्हतं. छिन्नीनं टिंबाला टिंब लावून अक्षर व्हायचं, आणि अप्पांचं अक्षर पाच जिल्ह्यांत ओळखू यायचं. सरकार वारले त्या वर्षी, एकाहत्तर साली, बूड गळतंय म्हणून झाळ लावायला एक तांब्याची कळशी दुकानात आली. त्यावर सरकारांचं नाव होतं, गीताबाई नावाच्या बाईला दिल्याचं होतं, आणि अक्षर अप्पांचं होतं. कळशी परत गेली, पण दोन दिवसांत गढीवरची माणसं आली. अनंतरावांच्या वडिलांनी भर बाजारात विचारलं, "बजरंग, लग्न तू बघितलंस का?" अप्पा म्हणाले, "मला सांगितलं ते मी कोरलं. दुसरं काय ठावं न्हाई." झालं. बाईकडून काहीतरी घेऊन सरकारांचं खोटं नाव घालणारा, म्हणून अप्पांचं गोणपाट उचललं गेलं. पुढची बारा वर्षं ते आठवडी बाजारात चाकू-विळ्यांना धार लावत फिरले आणि तसेच गेले. व्यंकटरावांना ती जागा दोन-तीन वर्षांतच परत मिळाली, पण "बापावर गेलाव" त्या जागेबरोबरच आलं.

आणि खरं सांगायचं तर व्यंकटरावांचा पहिला संशय गिऱ्हाइकांवर नव्हताच. तो बापावर होता. विशीतल्या पोरानं बापाला एकदाच विचारलं होतं, "अप्पा, खोटं कोरलं का?" अप्पा त्याच्याकडे बघत राहिले आणि उठून गेले. खरा माणूस असा उठून जातो का? हा प्रश्न व्यंकटरावांनी बाप गेल्यावरही सोडला नाही.

परवाच्या वैशाखात, लग्नसराईची सकाळची गर्दी ओसरल्यावर, दुपारी एक म्हातारी आली. नऊवारी, खांद्यावर पिशवी, कमरेला पदरात गुंडाळलेलं काहीतरी जड. नाव कमलबाई. जिंतूरहून एसटीनं देवगाव फाट्याला उतरून तिथून काळीपिवळीनं आली होती. तिनं आधी गल्ल्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं, मग पाठ दुकानाकडं करून बसली. व्यंकटरावांना तेवढं पुरलं. चोरीचा माल, त्यांनी मनात नोंद केली.

"भाऊ, हातानं कोरलेलं नाव पुसता येतं का?" तिनं विचारलं.

नाव घाला म्हणणारे हजार आले होते. पुसा म्हणणारी ही पहिली.

"कामून पुसायचं? कुणाचं हाय भांडं?"

"माझ्या आईचं."

"आईचं नाव पुसायलाव?"

"आईचं न्हाई. देणाऱ्याचं."

पदर बाजूला झाला. तांब्याची कळशी होती. बुडाला झाळीचा जुना काळा डाग. पोटावर टिंबाटिंबांची अक्षरं: ‘सौ. गीताबाईस, मांडवगिरी सरकार आबासाहेब यांजकडून. वैशाख शुद्ध तृतीया, शके १८७६.’

व्यंकटरावांनी अक्षर ओळखलं, अप्पांचंच. पण सवय कुठं जाते? पहिला विचार आला तो हाच, की हिला गढीवाल्यांनी पाठवलंय. पुरावा पुसायचा आणि तोही बजरंगच्या पोराच्या हातून, म्हणजे चांगलीच थट्टा.

"कुणी धाडलं तुमाला?" त्यांनी दरडावून विचारलं.

"धाडतंय कोण? मपल्या पायानं आले." कमलबाईही काही कमी नव्हती. "गढीवरचा माणूस मागल्या महिन्यात घरी आला होता. पेढे, लुगडं, लय गोड बोलला. कळशी द्या म्हणला, प्रदर्शनात ठेवतो. मी लुगडं बी परत दिलं. प्रदर्शनात न्हाई, भट्टीत ठेवली असती त्यानं. मंग दुसरा आला, वकील घेऊन. तुमच्या वतीनं कोर्टात जातो म्हणला. त्याचा काय डाव, ते त्यालाच ठावं. मी दोघांवर बी इस्वास ठेवला न्हाई."

हे मात्र व्यंकटरावांना आवडलं. संशय घेणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच बरोबरीचं भेटलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "लग्न झालं होतं कशावरून? नवरा आला होता का मांडवात?"

"न्हाई. खांडा आला होता." तिनं आवाज खाली आणला. "राणीसाहेब हयात होत्या, त्यांचा धाक होता. सरकारांनी आपली तलवार धाडली. आईनं तलवारीला माळ घातली, तलवारीसंगं फेरे घेतले. मोठ्या घरात चालतंय तसं. पण गावाला काय, नवरा दिसला न्हाई म्हणजे लग्न न्हाई. ठेवलेली म्हणले माझ्या आईला. मरस्तोवर म्हणले."

सांगतात सगळेच, व्यंकटरावांनी मनात म्हटलं. पण त्यांच्याकडं एक परीक्षा होती, जी अप्पांनी फक्त त्यांना शिकवली होती. ज्या लग्नात अप्पा स्वतः पंगतीला बसले, त्या लग्नातल्या भांड्याच्या काठाखाली, आतल्या बाजूनं, ते पाच टिंबं पाडायचे. पाच बोटांनी जेवलो म्हणून पाच. दुकानात बसून, ऐकीव कोरलेल्या भांड्यावर ती कधीच नसायची. व्यंकटरावांनी स्वतः ती आयुष्यात पाडली नव्हती, कारण ते कुणाच्या लग्नाला जेवायला जायचेच नाहीत.

त्यांनी कळशी मांडीवर घेतली. आत बोट घालायचं होतं फक्त, आणि तेच होईना. टिंबं नसली तर? आजवर निदान संशय होता, संशयात थोडी जागा असते. टिंबं नसली तर बाप खोटा, कायमचा. पन्नास वर्षं ज्या प्रश्नाशी ते भांडले, त्याचं उत्तर बोटभर अंतरावर होतं आणि त्यांना पळून जावंसं वाटत होतं.

"काय बघायलाव एवढं?" कमलबाईनं कळशीचा काठ धरून ठेवला.

त्यांनी बोट घातलं. गळ्याच्या वळणावरून फिरवत नेलं. गुळगुळीत. आणखी पुढं, गुळगुळीत. कडेच्या अगदी खाली खरखर लागली. एक. दोन. तीन, चार. पाच.

व्यंकटरावांनी चष्मा काढला. रडू आलं त्यांना, भर बाजारात, गोणपाटावर, बहात्तराव्या वर्षी. कमलबाई घाबरून म्हणाली, "भाऊ, काय झालं?"

"हे कोरलं ते माझे वडील," ते म्हणाले.

मग तिनं पदर डोक्यावरून नीट पुढं ओढून घेतला, घरातल्या वडीलधाऱ्यासमोर घ्यावा तसा. "आई सांगायची. म्हणायची, माझ्या लग्नात परका म्हणून एकच माणूस जेवला, नावं घालणारा. सरकारांच्या मामानं जेवलेल्या समद्यांकडून बेलभंडारा उचलून घेतला होता. कुठं बोलणार न्हाई म्हणून. मागून आईला कळलं, त्या माणसाचं बसणं उठवलं. ती निघाली होती सेलूला सांगायला. मामानं दाराला कडी घातली. त्याचं वझं तिच्या जिवावर होतं, भाऊ."

म्हणजे अप्पांनी बेलभंडारा उचलला होता. बेलाची पानं आणि भंडारा हातात घेऊन घातलेली शपथ. लग्न बघितलं का म्हणून बाजारानं विचारलं तेव्हा ‘हो’ म्हणायची त्यांना मुभा नव्हती, आणि पोटच्या पोरानं विचारलं तेव्हाही नव्हती. म्हणून ते उठून गेले. आणि पोरानं ते उठून जाणंच पन्नास वर्षं गुन्हा मानलं. व्यंकटरावांना स्वतःचीच शिसारी आली.

गल्ल्यावर अनंतराव बसले होते, दहा पावलांवर. एक हाक मारली की झालं असतं. या, घाला बोट, मोजा. ज्यांच्या बापानं अप्पांचं गोणपाट उचललं, त्यांच्याच बोटांना ती पाच टिंबं मोजायला लावायची. व्यंकटरावांनी मान वर केलीसुद्धा. कमलबाईला ते कळलं. तिचा हात काठावर घट्ट झाला.

"भाऊ, त्यांना दाखवलं की सांजच्याला साऱ्या मोबाईलवर फोटो. माझ्या नातीचं, भक्तीचं लगीन हाय येत्या आठ दिवसांत. ही कळशी तिच्या रुखवतात द्यायची हाय. मांडवात गढीवाले, वकील, पेपरवाले नकोत मला. आन् खरं सांगू? ज्यांनी आमचं नाव कधी घेतलं न्हाई, त्यांचं नाव आमच्या भांड्यावर कशाला?"

"हे पुसलं तर तुमच्याकडं काय राहतंय?"

"‘सौ.’ ऱ्हातंय. ते पुसू नका. ते आईचं हाय. तिला जिवंतपणी तेवढं तुमच्या वडिलांनीच म्हणलं."

व्यंकटरावांनी कानस उचलली. कोरण्यापेक्षा पुसणं अवघड. टिंब खोल असतं, आजूबाजूचा तांबा उतरवत उतरवत त्याच्या बुडापर्यंत जावं लागतं. एकेक टिंब बापाच्या हातचं. ‘मांडवगिरी’ गेलं, ‘सरकार’ गेलं. ‘आबासाहेब’ पुसताना ते एकदा थांबले, कारण अप्पांचा ‘ब’ फार देखणा होता. मग तेही गेलं, मागचं ‘यांजकडून’ही. पॉलिश पेपर मारला, चिंचेनं घासलं. दुसऱ्या बाजूला मशीनला हात न लावता, छिन्नीनं, टिंबाला टिंब लावून घातलं: ‘चि. सौ. कां. भक्तीस, आजीकडून.’ नातीच्या लग्नाची तारीख त्यांनी एकदाच विचारली. कमलबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही, पण समोरच्या पानवाल्यानं मान वळवून बघितलं.

"जेवायला या लग्नाला," उठताना ती म्हणाली. मजुरीला हात लावू दिला नाही म्हणून जरा रागावलीही.

"येतो. पण मी जेवून होईस्तोवर कळशी हलवू नका रुखवतातून. छिन्नी आणणार हाय."

कळशी पदरात गुंडाळून ती काळीपिवळीकडं गेली. व्यंकटराव गोणपाटावरचा तांब्याचा भुगा हातानं गोळा करत बसले. तो त्यांनी कागदाच्या पुडीत भरला आणि खिशात ठेवला.

अनंतराव पायरीवर आले. "कोण होती हो म्हातारी? तास-दीड तास काय पुसायलावता?"

"काय न्हाई. कळशीचा पोचा काढला."

"पोचा काढायला कानस?" अनंतराव हसले. "झाकायलाव काहीतरी. बापावर गेलाव."

व्यंकटरावांनी चष्म्याचा दोरा कानामागं नीट बसवला आणि अनंतरावांकडं सरळ बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "गेलो."